जळगावच्या फायनलची स्कोअरशीट

क्लेटन, मेलबर्न
रविवार, २७ एप्रिल २००८

ताई, सप्रेम जय भीम.

येऊन नऊ आठवडे झाले आणि हे पहिलं पत्र, म्हणून आधीच कान धरतो. रविवारच्या फोनवर काही बोलणं होत नाही हे तुलाही ठाऊक आहे. कार्डाची सगळी मिनिटं आईच्या "जेवला का, काय जेवला, कोणी केलं" यातच जातात आणि तू मागून नुसती "आवाज येतोय का रे" म्हणत राहतेस. ई-मेल करावं, तर तू कॅफेत जाणार नाहीस. तेव्हा पत्र.

आम्ही सहा जण तीन खोल्यांच्या घरात राहतो. सहाही जण मराठी, सहाही जण युनिव्हर्सिटीत, सहाही जण मास्टर्स करून पीआर, म्हणजे कायमचा व्हिसा, मिळवणार. स्टेशनवर सकाळी उभं राहिलं तर आपण ऑस्ट्रेलियात आलोय की ऑस्ट्रेलिया आपल्याकडे आलाय, कळत नाही. आंबेडकर जयंती आमच्याच घरी झाली. बाबासाहेबांचा फोटो मायक्रोवेव्हवर ठेवला, त्याच्यासमोर बारा जण दाटीवाटीने बसलो. खीर मी केली. ओजस म्हणाला, पेंड चांगली झालीय. ओजस म्हणजे माझा रूममेट, पुण्याचा, क्रिकेटशिवाय दुसरं काही जगात आहे हे न मानणारा.

आता खरी बातमी. मागच्या महिन्यात एका रविवारी भांडी घासत होतो आणि घरामागून तो आवाज आला. ग्लव्हमध्ये बॉल बसल्याचा. आठ वर्षांत ऐकला नव्हता, पण लगेच ओळखला. नळ तसाच चालू सोडून कुंपणापाशी पळालो. इथे सध्या पाण्याची फार टंचाई आहे, त्यामुळे ओजसने नंतर शिव्या घातल्या. ताई, मागच्या मैदानावर बेसबॉल चाललं होतं! आपल्या सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ. बॉल लहान, फेक खांद्यावरून, मैदान मोठं. बाकी चार बेस, नऊ माणसं आणि तोच आरडाओरडा.

संघाचं नाव 'गलाज'. गलाह म्हणजे इथला गुलाबी पोपट. तेव्हापासून दर रविवारी मी कुंपणावर हजर. तुमच्या संघाचे प्रल्हाद सर मॅच संपली की माझ्याकडून, त्यांच्या स्कोररकडून, वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक खेळाडूबद्दल दोन ओळी लिहून घ्यायचे, आठवतं? तीच सवय उफाळून आली. तर ऐक.

डॅरेन, पिचर आणि कॅप्टन. चाळिशीचा प्लंबर. पहिल्या तीन इनिंग असा टाकतो की बघत राहावं, मग दमतो आणि बॉल आखूड पडायला लागतो. दमलोय हे मात्र मरेपर्यंत कबूल करणार नाही. दहापैकी साडेसहा. टेरी, फर्स्ट बेस, पोट बेसच्या पुढे आणि पाय बेसवर. दोन इनिंगच्या मध्ये मटण भरलेली पाय, म्हणजे इथली मोठी कचोरीच, खातो आणि मग ग्लव्हला सॉस लागतो. त्याला पाच देतो, त्यातले दोन प्रेमाचे. शॉर्टस्टॉप वेई हा तैवानचा, आमच्याच युनिव्हर्सिटीचा. बॉल बॅटला लागायच्या आधीच हा निघालेला असतो. नऊ. राइट फील्डवाल्याचं नाव अजून कळलं नाही, तो विमानं मोजतो. आणि केल, कॅचर. एकोणीस वर्षांचा, इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली शिकतोय. हात मऊ, तोंड बंद. डॅरेनचे आखूड बॉल छातीवर झेलतो आणि कोणी शाबास म्हणत नाही. आठ.

इथे प्रत्येकाकडे स्वतःचे दोन-दोन ग्लव्ह आहेत. मला तुमच्या संघाचे सात आठवले. इनिंग संपली की मैदानातच टाकून यायचे, मग समोरच्या पोरी तेच घालायच्या, आतून ओले आणि गरम. तू म्हणायचीस, शत्रूच्या घामात हात घातल्याशिवाय मॅच सुरू झाली असं वाटत नाही.

लिही. सगळ्यांना जय भीम.

तुझा
अनुप


अमरावती
९ मे २००८

पोट्ट्या, जय भीम.

पत्र मिळालं. इथे पंचेचाळीस आहे. कूलर आवाज जास्त आणि हवा कमी देतोय. तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचलं. तुझ्या भाऊजींना टेरी फार आवडला. "हा आपल्या ऑफिसात शोभला असता," म्हणाले. आई मात्र पायच खातो म्हणजे काय, यावरच अडून बसली होती. समजावून सांगितलं तरी तिचा विश्वास बसलेला नाही.

केलला आठ? तू कॅचरला कधी पाचाच्या वर गेला नाहीस रे. मी हायस्कूलच्या सेमीफायनलमध्ये दोन पोरी होमवर बाद केल्या, तेव्हाही तू लिहिलं होतंस, "उठायला उशीर करते." हे परदेशातलं औदार्य बरं आहे.

तुझ्या ग्लव्हच्या आठवणीने मात्र मी अर्धा तास कामाला लागले नाही. वर्गाच्या फरशीवर सतरंजी टाकून सोळा पोरी झोपायचो, बाकं भिंतीला लावून. सरांची शिट्टी पहाटे पाचला. आपली पिचर वैष्णवी उशीखाली बॉल घेऊन झोपायची, म्हणे बोटांना सवय राहते. काय दिवस होते.

आता माझी बातमी. प्रल्हाद सर मुलाकडे नागपूरला कायमचे चाललेत. सुट्टी लागायच्या आधी शाळेत आले, थेट माझ्या भूगोलाच्या तासाला. म्हणाले, "पद्मा, मुलींचा संघ तू घे. तू नाही घेतलास तर बंद पडेल, माझ्यामागे दुसरं कोणी नाही." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, घाई नको, ३१ जुलैपर्यंत विचार कर.

विचार काय करायचा? जळगावच्या फायनलला शेवटच्या इनिंगला बरोबरी होती, तिसऱ्या बेसवर त्यांची पोरगी उभी होती, आणि बॉल माझ्यामागे गेला. ती धावत होमवर आली आणि संपलं. शिबिरासाठी निवड करायला आलेल्या मॅडमनी स्कोअरशीट मागवली, बघितली आणि माझं नाव खोडलं. वैष्णवी शिबिराला गेली, रेल्वेत लागली. तिचा मला हेवा नाही, पण दुःख नाही असंही म्हणणार नाही. त्यानंतर मी कॅचरचा मास्क घातलेला नाही. जिने फायनलचा शेवटचा बॉल सोडला ती पोरींना काय शिकवणार? बॉल कसा सोडायचा?

हे सगळं तुलाच सांगते. भाऊजींना इतकंच माहीत आहे की मी कधी काळी खेळायचे.

तुझी
ताई


क्लेटन
२५ मे २००८

ताई, जय भीम.

बुद्धजयंतीला तुम्ही सगळे विहारात गेलात हे आईकडून कळलं. मी त्या दिवशी बेकरीत पाव पिशव्यांत भरत होतो. पांढरा ॲप्रन होता, तेव्हा पांढऱ्या कपड्यांचं तेवढं जमलं.

मी आता गलाजचा स्कोरर आहे! झालं असं की त्यांची स्कोरर बेव्ह, वय एकाहत्तर, हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीस वर्षं तीच लिहिते. कुबडी घेऊन आली होती, पण पाय लांब करून बसल्यामुळे वळून बघता येईना. मी कुंपणावरून सहज म्हणालो की तो सेकंड बेसचा एरर आहे, हिट नव्हे. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कॅन यू स्कोर, लव्ह?" मी म्हटलं, थोडं थोडं. तिने वही माझ्या मांडीवर ठेवली. संपली आमची फॅनगिरी. जळगावनंतर पहिल्यांदा पेन्सिल हातात घेतली आणि पहिल्याच इनिंगला तिची दोन टोकं मोडली. थंडी पण होती म्हणा.

ओजस सोबत येतो आणि शेजारी बसून क्रिकेट शोधतो. परवा डॅरेनचा एक बॉल केलच्या मागे गेला, मी वहीत लिहिलं, तर याने विचारलं काय लिहिलंस. मी समजावलं. बॉल कॅचरच्या मागे गेला आणि धावणारा पुढे सरकला, की कोणाच्या तरी नावावर घालावा लागतो. कॅचरला अडवता आला असता तर 'पास्ड बॉल', चूक कॅचरची. पिचरनेच वेडावाकडा टाकला तर 'वाइल्ड पिच', चूक पिचरची. ओजस म्हणाला, "अरे मग सरळ सांग ना. वाइड बॉलरच्या नावावर, बाय कीपरच्या नावावर." मी म्हटलं, हो बाबा, तसंच.

मग बेव्ह बोलली. ती मध्येच बोलते आणि मग अर्धा तास गप्प. म्हणाली, त्यात एक गोष्ट लक्षात ठेव. बॉल प्लेटच्या, म्हणजे होम बेसच्या, आधी जमिनीला लागला की वाइल्ड पिच. तिथे विचार करायचा नाही. "यू डोन्ट गेट टू फील थिंग्ज अबाउट इट."

खेळाडूंचं म्हणशील तर डॅरेन सहावर आला. चौथ्या इनिंगनंतर त्याला काढायला हवं, पण कॅप्टनला काढणार कोण? टेरीने होमरन मारला आणि तिसऱ्या बेसवर थांबून श्वास घेतला. वेईची परीक्षा होती, तो नव्हता, आणि तो नसला की तो किती चांगला आहे ते कळतं. विमानवाल्याचं नाव स्टुअर्ट. त्याने एक कॅच घेतला, सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं.

सरांना हो म्हण. जळगाव जुनं झालं, तू कशाला उगाळतेस?

तुझा
अनुप


अमरावती
७ जून २००८

अनुप, जय भीम.

चार पानं टेरीला आणि मला एक ओळ. मी लहानपणापासून तुझी पत्रं वाचतेय, बाहेरगावी गेले की तू मला घरून लिहायचास. जे टाळायचं ते तू शेवटच्या ओळीत घालतोस.

उगाळत नाही रे. पण मी परवा संध्याकाळी मैदानावर गेले होते. आत नाही, भिंतीच्या बाहेरच उभी राहिले. अकरा पोरी आहेत. कॅचर म्हणून ऐश्वर्या नावाची आठवीतली एक आहे, काडीसारखी, मास्क तिला गळ्यापर्यंत येतो. बॉल खाली आला की ती डोळे मिटते. मला भिंतीबाहेरून ओरडावंसं वाटलं, छाती पुढे कर, डोळे उघड. तोंडापर्यंत आलं आणि मी घरी आले.

म्हणून आता तुला सरळ विचारते. जळगावला त्या दिवशी आयोजकांचा स्कोरर आला नाही आणि पूर्ण शीट लिहिता येणारा मैदानावर तू एकटाच होतास. समोरच्यांनी आरडाओरडा केला, याची बहीण खेळतेय, हा कसा लिहिणार. सर म्हणाले, पोरगा खरा आहे, मी जबाबदार. आणि तू शेवटच्या बॉलला माझ्या नावावर पास्ड बॉल लिहिलास. सख्ख्या बहिणीच्या! सर अजून ते सगळ्यांना सांगतात. बाबा होते तोवर प्रत्येक लग्नात सांगायचे. खोटं वाटेल, मीही शाळेत पोरांना सांगते, नाव न घेता. प्रामाणिकपणावर बोलायचं असलं की तुझंच उदाहरण येतं.

तर तू सर्वांत जवळून पाहिलंस. माझ्या हाताचं काय चुकलं? उशिरा खाली गेला? ग्लव्ह वळला? मला आठवत नाही, किंवा आठवतं ते जुळत नाही. तू सांग. मला चूक नक्की कळली तर ती ऐश्वर्याला सांगता येईल. आणि मग कदाचित मी सरांना हो म्हणेन.

तुझी
ताई


क्लेटन
२२ जून २००८

ताई, जय भीम.

परीक्षा चालू आहे, म्हणून थोडक्यात.

गलाज दोन हरले, एक जिंकले. टेरीची पाठ धरली. वेईला मोठ्या क्लबने बोलावलं, पण तो जाणार नाही, कारण तिकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात. स्टुअर्टने विमानं सोडून आता ढग धरलेत. केल उत्तम खेळतोय, साडेआठ. डॅरेन साडेपाच. इथे सकाळी गवतावर बर्फ असतो, स्कोअरबुकचं पान ओलं होतं आणि पेन्सिल उमटत नाही.

जळगावचं मला आता नीट आठवत नाही गं. आठ वर्षं झाली. हात बहुतेक उशिरा गेला असेल.

आईच्या गुडघ्याला तेल लाव.

अनुप


अमरावती
४ जुलै २००८

अनुप,

बरं. मला वाटलंच होतं हात उशिरा गेला असेल.

सरांना ३१ ला भेटायचं आहे. नाही सांगून टाकते. संघाचं सामान शाळेच्या कोठीत जमा करणार आहेत.

पाऊस झाला. आई बरी आहे. परीक्षा नीट दे.

ताई


क्लेटन
रविवार, २० जुलै २००८

ताई, जय भीम.

हे पत्र एक्सप्रेसने टाकतोय. ३१ च्या आत पोहोचायलाच हवं. फोनवर सांगणार होतो. परवा तीनदा नंबर फिरवला आणि तिन्ही वेळा आईचा आवाज आल्यावर ठेवून दिला. आईला सांग की तो मीच होतो, कोणी टवाळ नव्हता.

आधी गेल्या रविवारचं सांगतो. पाचवी इनिंग, डॅरेन दमलेला, तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस. डॅरेनचा बॉल प्लेटच्या आधी चिखलात आपटला, उडाला आणि केलच्या मागे गेला. रन झाला. इनिंग संपल्यावर डॅरेन माझ्या टेबलाशी आला आणि हसून म्हणाला, "मेट, दॅट वन्स अ पास्ड बॉल, येह?" मला बेकरीतली नोकरी त्यानेच मिळवून दिलीय. त्याच्या मेव्हण्याची बेकरी आहे ती. बेव्ह शेजारी बसून लोकर विणत होती, वर बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "सॉरी डॅरेन, इट बाउन्स्ड." आणि वाइल्ड पिच लिहिलं. तो "फेअर इनफ" म्हणून गेला. एवढंच. ना नोकरी गेली, ना मैदान फाटलं. मॅच संपल्यावर केल आला, माझ्या खांद्याला ग्लव्ह लावला आणि म्हणाला, "चीअर्स, मेट." मी टॉयलेटच्या मागे जाऊन रडलो. ओजसला वाटलं थंडी बाधली.

ताई, जळगावला वैष्णवीचा बॉल प्लेटच्या वीतभर आधी जमिनीला लागला होता. धूळ उडाली, मी पाहिली. मी तुमच्यापासून वीस फुटांवर होतो. ती वाइल्ड पिच होती. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, नियम मला पाठ होता. तुझा हात उशिरा गेला नाही. तू अंग टाकलंस, पण तो बॉल कोणीच अडवला नसता.

मी पास्ड बॉल लिहिलं कारण समोरच्यांचा मॅनेजर माझ्या मागे उभा होता. तो कानाशी म्हणाला, "आता बघू बहिणीला वाचवतो का." खरं लिहिलं असतं तर तो म्हणाला असता, बघा, वाचवलंच. सर खोटे पडले असते. मला वाटलं, तुझ्या विरुद्ध लिहिलं की मी प्रामाणिक ठरेन. आणि ठरलोही. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मॅडमनी शीट मागवली तेव्हा मी तिथेच होतो. तोंड उघडायला एक मिनिट होतं. मी पेन्सिलीला टोक करत बसलो.

मग बाबा ते सगळीकडे सांगायला लागले. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू, आज सांगू. ते गेले तेव्हाही त्यांच्या लेखी मी खराच होतो. पुढे सांगायला तोंडच राहिलं नाही. आणि जूनच्या पत्रात तू सरळ विचारलंस तर मी पुन्हा लिहिलं, "हात उशिरा गेला असेल." सतरा वर्षांचा असताना घाबरलो, आता पंचविशीतही घाबरलो.

शुक्रवारी आषाढ पौर्णिमा होती. घरी वंदना घेतली, मायक्रोवेव्हसमोर. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला मी थांबलो. असत्य बोलण्यापासून अलिप्त राहीन, हे मी आठ वर्षं सगळ्यांबरोबर म्हणतोय. बाकीचे पाचव्यावर गेले, मी तिथेच अडकलो.

माफ कर असं लिहीत नाही, तसं मागायचा हक्क नाही. फक्त सरांना नाही म्हणू नकोस. नाही म्हणायचंच असेल तर दुसऱ्या कोणत्याही कारणाने म्हण, त्या बॉलमुळे नको.

अनुप


क्लेटन
१७ ऑगस्ट २००८

ताई, जय भीम.

चार रविवार झाले. फोन केला की आई म्हणते, "ताई बाहेर गेली." कुठे, विचारलं तर, "मले काय सांगते ती?" पत्र मिळालं की नाही एवढं तरी कळव. रागावून कळवलंस तरी चालेल.

गलाजचा सीझन संपला. फायनल्सला पोहोचलो नाही, एक मॅच कमी पडली. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मैदानातच सॉसेजेस भाजली. डॅरेनने जाहीर केलं की पुढच्या वर्षी तो पिचिंग सोडून फर्स्ट बेसला जाणार, आणि टेरी त्याच्याकडे असा बघत राहिला की मला हसू आवरेना. हसलो आणि लगेच वाटलं, हे तुला लिहायचं. मग आठवलं.

आपली गच्ची सारखी डोळ्यांपुढे येते. तू उकिडवी बसायचीस, मी रबरी बॉल टाकायचो आणि तू म्हणायचीस, "मुद्दाम आखूड टाक, मला अडवायची सवय होऊ दे." शंभर-शंभर टाकायचो. पाण्याच्या टाकीवर आपटून बॉल शेजारच्या शैलाकाकूंच्या पापडांवर पडायचा. तुझ्याइतकी मेहनत मी इथेही कोणाची पाहिली नाही. हे तेव्हा वहीत लिहायला हवं होतं.

अनुप


अमरावती
३० ऑगस्ट २००८

अनुप, जय भीम.

तुझं एक्सप्रेस पत्र २९ जुलैला मिळालं. दारातच उभं राहून वाचलं, स्कूटीची किल्ली हातात होती. मग शाळेत गेले, चार तास घेतले, घरी आले, स्वयंपाक केला. दोन दिवस असेच गेले. तुझ्या भाऊजींनी काय झालं विचारलं तेव्हा पत्र त्यांच्या हातात दिलं. ते वाचून म्हणाले, "तू इतकी चांगली खेळायचीस?" ते ऐकून मी जी रडायला लागले, ती थांबेचना.

मी रागावले आहे. तू लहान होतास असं मी स्वतःला शंभरदा सांगून पाहिलं, पण सतरा म्हणजे लहान नव्हे. शिबिराचं मी तुझ्या नावावर घालत नाही. निवड झाली असती की नसती, कोण सांगणार? वैष्णवीलाही काही सांगणार नाही, तिने नोकरी स्वतःच्या खांद्यावर मिळवली. माझा राग वेगळा आहे, तो ऐक.

धूळ मी पण पाहिली होती. माझ्या डोळ्यांत गेली होती ती, मास्कच्या जाळीतून. बॉल आधी आपटला हे मला त्या क्षणी माहीत होतं. उठले, टेबलापाशी आले, शीट पाहिली, आणि त्यावर तुझ्या अक्षरात पास्ड बॉल होतं. मी मनात म्हटलं, अनुप खोटं लिहिणार नाही. म्हणजे माझंच चुकलं असेल, धूळ मला भास झाला असेल. तुझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडलं. नंतर स्वयंपाकात मीठ किती घातलं इथपासून सगळ्यात मला दुसऱ्याला विचारावं लागायचं. लोक म्हणायचे पद्मा स्वभावाने बुजरी आहे. मी बुजरी नव्हते रे. मी कॅचर होते, सगळं मैदान माझ्यासमोर असायचं.

३१ तारखेला सरांकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोराला तिथे बसवायला नको होतं. चूक माझी आहे." मी म्हटलं, सर, तुमची थोडी, त्याची जास्त. आणि कोठीची किल्ली मागून घेतली.

आई खोटं बोलली नाही, मी खरंच बाहेर असते. रोज साडेचार ते साडेसहा. पहिली मॅच आम्ही नऊ-दोन हरलो. ऐश्वर्याचे डोळे आता उघडे असतात, त्यामुळे तिला बॉल लागतो आणि ती रडते, पण बॉल अडतो. चष्मा लावून मी तिच्यासमोर उकिडवी बसते आणि मग मला उठवायला दोन पोरी लागतात. मास्क घातला. पट्टा सैल करावा लागला.

तू सांगितलंस हे बरं केलंस. आणखी आठ वर्षांनी सांगितलं असतंस तर मला उकिडवं बसता आलं नसतं. पण रविवारी मला फोनवर बोलावू नकोस, तुझा आवाज ऐकायला मी अजून तयार नाही. पत्र लिहीत राहा. मी उत्तर देईन, उशिरा देईन, पण देईन.

परवा सराव संपल्यावर ऐश्वर्याने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडून कधी बॉल सुटला का?" मी म्हटलं, पुष्कळ सुटले. पण जळगावचा नाही.

ताई